नाव घातलेली भांडी

जेवायला बसल्यावर पुढ्यातलं ताट तुम्ही कधी उलटं करून बघितलंय का? त्यावर कोणाचं नाव आहे? तुमचंच आहे, की मामानं दिलेलं, आत्याकडून आलेलं, की शेजारणीचं, परत द्यायचं राहून गेलेलं? आणि उद्या चार माणसं दारात येऊन म्हणाली, की हे नाव तुमचं नाही, मग हे ताट तुमच्याकडे कसं, तर तुमच्या बाजूनं कोण बोलेल?

अक्का ताट उलटं करायचीच. कुणाच्या घरी, लग्नाच्या पंगतीत, मठातल्या दासोहाच्या अन्नदानातसुद्धा. वाढपी भात घेऊन समोर उभा, आणि ही ताट उजेडाकडे धरून, डोळे बारीक करून वाचते आहे. मागच्या माणसाचा खोळंबा, पंगत हसते आहे.

"थांब की बाबा," ती म्हणायची. "कुणाच्या घरचं जेवायलाव ते तरी कळू दे."

नाव वाचून झालं, की ती मान डोलवायची, त्या नावाला हात जोडल्यासारखं करायची आणि मगच ताट खाली ठेवायची. नाव तिच्याच हातचं निघालं, तर मात्र शेजारच्याच्या कानाशी लागायची. "हे आमच्याच दुकानचं. यांच्या पोरीचं लग्न मोडता मोडता राहिलं होतं." तोवर भात निवलेला असायचा.

रेणापूरच्या बाजारात तिचं भांड्यांचं दुकान होतं. नवरा गेल्यावर तीच चालवायची. कपाळाला भस्माची बोटं, गळ्यात चांदीच्या डबीत लिंग, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, आणि हातात नाव घालायचं ते छोटं यंत्र. घर्रर्र करत स्टीलवर अक्षरं उठवायची. 'चि. सौ. कां. हिस मामाकडून.' 'कै. तीर्थरूपांच्या स्मरणार्थ.' भाव करताना ती सख्ख्या दिरालाही सोडत नसे. गिऱ्हाईक उठून पायरी उतरेपर्यंत ताणायची आणि मग हाक मारायची, "ये माघारी, रडू नको." पण नाव मात्र फुकट घालून द्यायची. नावाचे पैसे घेणं तिला पाप वाटायचं.

तिचं स्वतःचं नाव एकाही भांड्यावर नव्हतं. मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "दुकानातली भांडी इकायची असतात गं. आपलं नाव घातलं, की गिऱ्हाईक हात लावत न्हाई." म्हणून मीही इथे तिचं नाव लिहीत नाही. सगळं रेणापूर तिला अक्का म्हणायचं, तेवढं पुरे.

घरी ती जेवायची ते ताट जुनं होतं, कडेला पोचे पडलेलं. त्यावर नाव होतं, 'सौ. सुमन'. ही सुमन कोण, हे अक्काला माहीत नव्हतं. अक्का भूकंपातली. औशाच्या पलीकडच्या तिच्या गावात त्या पहाटे घरं दगडमातीसकट खाली बसली. आई, आजा आणि धाकटा भाऊ तिथेच राहिले. ती पत्र्याच्या शेडमध्ये वाढली. तेव्हा कुठल्या कुठल्या गावांहून ट्रक आले. कपड्यांचे ढीग रस्त्याच्या कडेला पडले, गुरं त्यावर बसू लागली.

"माझ्या वाट्याला घागरा आला होता," ती सांगायची. "टिकल्याटिकल्यांचा, नाचायचा. घरची तीन माणसं मातीत, आन् मी शेडमधी टिकल्यांचा घागरा घालून पाण्याच्या रांगेत. लोक रडता रडता माझ्याकडं बघून हासायचे."

पण एका ट्रकमधून भांडी आली होती. कुण्या गावच्या बायांनी आपल्या घरातली काढून दिलेली, नावांसकट. तिला मिळालेलं ताट सुमनचं. "त्या दिवसापासनं ती माझी मावशी," अक्का म्हणायची. "तिच्या ताटात जेवले म्हंजे तिच्या घरी जेवले की. हाय का न्हाई?"

यातूनच तिनं आयुष्यभराचा नियम बांधला. नाव घातलेलं भांडं दिलं, की नातं लागतं. हा नियम तिच्याबाबतीत खरा ठरला होता. का खरा ठरला होता, हे तिलाही कळलं नव्हतं आणि मलाही. ते कळलं हदगाव तालुक्यातल्या एका गायरानावर.

त्या गायरानावर कापूस वेचायला आलेली काही कुटुंबं राहत होती. छत्तीसगडच्या जंगलातली कोया माणसं. त्यांच्या गावावर दोन्ही बाजूंनी बंदुका आल्या. एका बाजूनं म्हटलं, तुम्ही त्यांना भाकर दिली. दुसऱ्या बाजूनं म्हटलं, तुम्ही यांना वाट दाखवली. भाकर आणि वाट, एवढाच गुन्हा. कुणाचा भाऊ यांनी नेला, कुणाचा सासरा त्यांनी. घरं जळाली. ही माणसं चालत तेलंगणात उतरली, मिरच्या तोडल्या, रानात झोपड्या बांधल्या. त्या झोपड्या मोडल्या गेल्या. मग एका मुकादमानं त्यांना ट्रकमध्ये घालून आमच्याकडे आणलं. कापूस वेचून झाला आणि मुकादम दिसेनासा झाला.

देशाची सीमा ओलांडली असती, तर त्यांना निर्वासित म्हटलं असतं. त्यांनी फक्त राज्याची ओलांडली. म्हणून त्यांना काहीच म्हणत नाहीत. इथे रेशन नाही, कारण कार्ड तिकडचं, आणि ते तिकडेच जळालेलं. राज्य बदललं, म्हणून त्यांची जमात इथल्या कागदावर जमात धरत नाहीत. युद्ध झालं हेही कुणी मानत नाही, कारण युद्ध दुसऱ्या देशाशी होतं, अशी आपली समजूत आहे.

मी नांदेडची. आमच्या घरात गाद्यांपेक्षा पत्रकांचे गठ्ठे जास्त. कुठे अन्याय झाला, की आधी पत्रक काढायचं, ही घरची रीत. तसं मी काढलं. धान्य द्या, औषधं द्या, जुने कपडे द्या. ते पत्रक लातूरला पोचलं, तिथून रद्दीत गेलं, रद्दीतून रेणापूरला. आणि कुणाची तरी कळशी बांधता बांधता अक्कानं ते वाचलं.

आठवड्यानं गायरानावर एक टेम्पो आला. त्यातून एक बाई उतरली, पदर खोचून.

"पत्रक कुणी लिवलं?"

"मी. तुम्ही कोण?"

"तुम्ही कोण म्हंजे? मी एकलीच आलेय. तू म्हण." तिनं माझ्याकडे खालून वर बघितलं. "धान्य द्या म्हणायलीस. लई झ्याक. शिजवणार कशात? पत्रकात?"

टेम्पोत भांडी होती. पातेली, पराती, तांबे, कढया, ताटं. रेणापूर आणि लातूरमधल्या आपल्या गिऱ्हाइकांच्या घरोघर जाऊन तिनं ती उतरवून घेतली होती. "आंदणाची भांडी माळ्यावर कोळ्यांना जाळी विणायला दिलीत व्हय? काढा खाली." लोकांनी काढली. अक्काला नाही म्हणणं सोपं नव्हतं. नाही म्हणणाऱ्याच्या घरातलं कुठलं भांडं कुठल्या लग्नात उसनं आलं होतं, ते तिला पाठ असायचं.

प्रत्येक भांड्यावर नाव होतं. टेम्पोवाला म्हणाला होता, "अक्का, बफ मारून नावं घासून टाकू का? नव्यावानी दिसतील." त्यावर ती त्याच्या अंगावर गेली होती. भांड्यांच्या धंद्यात एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. मोडीत आलेल्या भांड्यावरचं नाव घासलेलं दिसलं, की दुकानदार ते घेत नाही. नाव घासलंय, म्हणजे चोरीचं आहे.

"चोरीचा माल वाटायलाव का आपण?" ती म्हणाली. "नावासकट द्यायचं. कुणी दिलं ते दिसू दे."

चूक झाली ती इथे. पण त्या दिवशी ती कुणालाच चूक वाटली नाही, मलाही नाही. आमच्याकडे भांडं नावाशिवाय देतच नाहीत.

त्या कुटुंबांत हिडमे नावाची बाई होती. सहावा महिना लागलेला, पोट पुढे, हात काटक्यांसारखे. मिरच्या तोडताना शिकलेल्या तेलुगूत आणि मोडक्या हिंदीत ती बोलायची. तिचं आधीचं मूल वाटेत झालं होतं, चालता चालता, आणि वाटेतच पुरलं होतं. कुठे पुरलं ते तिला सांगता येत नव्हतं. एका ओढ्याजवळ, एवढंच.

औषधं हवीत का, दूध हवं का, असं मी विचारत होते. तिनं सगळ्याला मान हलवली. मग जमिनीवर तळहात ठेवला आणि म्हणाली, "अब चलना नै. ये पैदा होने तक चलना नै."

एवढंच तिला हवं होतं. बाळ होईपर्यंत एका जागी राहायचं होतं. पृथ्वीवरच्या कुठल्याही माणसानं यापेक्षा कमी काही मागितलेलं मी ऐकलेलं नाही.

अक्का तिच्यासमोर उकिडवी बसली. "न्हाई चालायचं," ती म्हणाली. "इथंच बाळंत हो. मी हाय. बाळंतविडा घिऊन येते, डिंकाचे लाडू घिऊन येते. कोण हलवतंय बघू." हिडमेला शब्द कळले नाहीत, पण बाईच्या आवाजातलं वजन कळलं. ती हसली. तिचे दात मी तेव्हा पहिल्यांदा बघितले.

अक्का काही संत नव्हती. पहिल्या खेपेला ती घरची पाण्याची बाटली घेऊन आली होती आणि तिथलं घोटभरही प्यायली नाही. पालांपुढे पोरं शेतातले उंदीर भाजत होती, ते बघून तिनं नाकाला पदर लावला. "शिव शिव शिव," म्हणत ती बांधापलीकडे जाऊन उभी राहिली. मी तिला टोचून बोलले. "भांडी चालतात, पाणी चालत नाही का गं?"

"गप बस. तू पत्रकं खाऊन वाढलीस, तुला काय चव कळणार?"

पण येत राहिली. दर मंगळवारी दुकानाला कुलूप, रेणापूरहून लातूर, लातूरहून नांदेड, नांदेडहून हदगाव, आणि तिथून मिळेल त्या वाहनानं. चौथ्या की पाचव्या खेपेला बाटली आणायची विसरली, की मुद्दाम आणली नाही, देव जाणे. ऊन लागलं होतं. हिडमेनं तांदळाची पातळ पेज एका ताटलीत ओतून पुढे केली. अक्कानं सवयीनं ताटली उचलून खालून बघायचा प्रयत्न केला आणि निम्मी पेज मांडीवर सांडली. सगळी पालं हसली. ती स्वतःही हसली. मग उरलेली पेज पिऊन तिनं ताटली उलटी केली.

"अगं, ही तर आमच्या गल्लीतल्या वकिलीणबाईची!" ती आनंदानं ओरडली. "बघ, कुठं येऊन जेवले मी!"

तेव्हापासून तिथलं पाणीही चालू लागलं.

गावालाही ही माणसं नको होती असं नाही. कापसाला हवी होती, हळद काढायला हवी होती. कमी मजुरीत, तोंड न उघडता राबणारी. एक शेतकरी आम्हाला कौतुकानं सांगायचा, "लई इमानदार लोक हायेत बरं. आपल्या गावच्यासारखी कटकट न्हाई." हळद संपली, उन्हं वाढली, आणि तोच शेतकरी म्हणू लागला, "किती दिवस राहणार हायेत हे? गायरान गावाचं हाय. उद्या ठाणच मांडून बसतील." मजूर म्हणून चालतात, शेजारी म्हणून चालत नाहीत. हे एकट्या त्या गावाचं दुखणं नाही. तुमच्या-माझ्या गल्लीत भाड्याची खोली विचारून बघा.

हनुमान जयंतीचा भंडारा जवळ आला. देवळातली गावजेवणाची भांडी काढली, तर मोठा तांब्याचा हंडा आणि दोन पराती जागेवर नव्हत्या. गावानं शोधायला सुरुवात केली ती गायरानापासून. गावातलं एकही घर त्यांनी आधी उघडलं नाही.

मी पोचले तेव्हा पालांपुढे गर्दी होती आणि पोलिसांची जीप. सगळी भांडी बाहेर काढून मातीत टाकलेली. माणसं ती उलटी करून करून नावं वाचत होती, अक्का वाचायची तशीच. फक्त हात जोडत नव्हती.

"ह्याच्यावर बघा, रेणापूर. ही लातूरची. ही कुणाची तरी कैलासवासी बापाची."

"एवढ्या घरात हात मारून राहिले म्हंजे टोळीच हाय, साहेब."

"पण तुमचा हंडा यात नाही," मी म्हणाले.

"हाव, न्हाई. तो इकून टाकला असंल."

मी सांगितलं, ही भांडी मदत म्हणून आली आहेत. जीपमधल्या माणसानं शांतपणे विचारलं, "नाव घातलेलं भांडं कोण दान करतं, ताई? दान करताना नवीन देतात." मग एक भांडं उचलून त्यानं कड अंगठ्यानं चोळली. तिथं जुना ओरखडा होता. "आणि इथं तर नाव घासलंय वाटतं."

म्हणजे बघा. नाव असलं तर दुसऱ्याचं, नसलं तर घासलेलं. जो आधीच चोर ठरलाय, त्याला निर्दोष ठरवणारं भांडं अजून कुठल्या कारखान्यात तयार झालेलं नाही.

पुरुषांना जीपमध्ये घातलं. हिडमेचा नवरा त्यात होता. ती पालाच्या मेढीला धरून उभी राहिली आणि पायांकडे बघत राहिली. त्या पायांना पुढचं कळलं होतं.

माझा फोन मिळताच निघालेली अक्का दुपारी पोचली. केस सुटलेले, घामानं भस्म ओघळलेलं. चौकीच्या ओट्यावर उभी राहून तिनं मोठ्या आवाजात सगळं सांगितलं. ती परात अमक्याच्या लेकीच्या लग्नातली, ते पातेलं तमक्याच्या घरभरणीचं, ती ताटली वकिलीणबाईची. नावं मीच घातलीत, भांडी मीच आणलीत.

"बरोबर आहे तुमचं," तिला उत्तर मिळालं. "ज्यांची नावं आहेत त्यांनी येऊन सांगावं. लगेच सोडतो."

हे ऐकून तिला धीर आला. ती मला म्हणाली, "बघ. म्हणून नाव पाहिजे." आणि ओट्यावर बसून एकेकाला फोन लावू लागली.

ते फोन मी ऐकले आहेत. अक्का फोन स्पीकरवर टाकूनच बोलायची. एकाचं घरी पाहुणे होते. एकीच्या मालकांना विचारावं लागणार होतं, आणि मालक गावाला गेले होते. एकजण म्हणाला, जंगलातली माणसं म्हणजे तेच ना ते, बंदूकवाले? आमचा मुलगा परीक्षांची तयारी करतोय, पोलिसांत नाव नको. वकिलीणबाई म्हणाल्या, "अक्का, तुझ्या शब्दाखातर भांडं दिलं. नाव थोडंच दिलं होतं?"

अक्कानं फोन तोंडापासून दूर धरला आणि त्याच्याकडे बघत राहिली. जन्मभर ज्यांची नावं तिनं स्टीलवर कोरली, आडनावासकट, गावासकट, ठसठशीत, ती माणसं एकामागून एक सांगत होती, की ते नाव आमचं नाही.

"माझ्या सुमनमावशीनं असं म्हटलं असतं का गं?" तिनं मला विचारलं.

मी तेव्हा उत्तर दिलं नाही. आज देते. अक्का, सुमनमावशीला कुणी विचारलंच नसतं. तुझ्या शेडमध्ये दुसऱ्याच्या नावाचं ताट बघून कुणी जीप आणली नाही, कारण तू आमची होतीस. जमीन हलली, त्याचा दोष कुणावरच नव्हता, म्हणून सगळा महाराष्ट्र धावला. बंदुकीपुढून पळालेल्या माणसाला मदत करायची, तर आधी बंदूक कुणाची, हे विचारावं लागतं. आणि ते विचारायची कुणाची छाती होत नाही. मग सोपं काय? त्यालाच चोर म्हणायचं.

फोननं जमणार नाही हे कळल्यावर अक्का उठली. "तोंडापुढं उभी राहते, मग बघते कोण न्हाई म्हणतंय." ती परतीच्या गाडीनं रेणापूरला गेली, माणसं हातानं धरून आणायला. मी नांदेडला वकील गाठायला. जाताना ती पालाशी थांबली, हिडमेच्या पोटावर हात ठेवला. "उद्या येते. हलू नको बाई. हलू नको."

सकाळी आम्ही दोघी फाट्यावर भेटलो, माझा वकील मागून येणार होता. तिच्याबरोबर एकच माणूस होता. धोतर नेसलेला, काठी टेकणारा एक म्हातारा. लेकीच्या लग्नातली परात त्यानं दिली होती. ती लेक आता हयात नव्हती. बाकी कोणी आलं नव्हतं.

गायरान रिकामं होतं.

पुरुषांना संध्याकाळीच सोडलं होतं. 'सकाळी इथं दिसायचं नाही,' एवढं सांगून. पालांचे बांबू उपटून नेलेले. चुली अजून कोमट होत्या. आणि बांधाच्या कडेनं भांडी मांडून ठेवलेली होती. सगळी. मातीत लोळवलेली ती भांडी त्यांनी घासली होती, धुतली होती आणि पालथी घालून ओळीनं लावली होती, सगळी नावं वर, वाचता येतील अशी. एक तांब्यासुद्धा नेला नव्हता. वकिलीणबाईंची ताटली शेवटी होती, हिडमेच्या चुलीपाशी.

म्हातारा वाकून वाकून ओळीतून गेला. आपली परात त्याला सापडली. तो काठीवर सरळ झाला आणि मोठ्यानं, कोर्टात बोलावं तसं, त्या रिकाम्या माळाला म्हणाला, "ही माझी परात हाय. मीच दिली. राजीखुशीनं दिली." समोर पऱ्हाट्यांच्या ढिगाशिवाय ऐकायला कोणी नव्हतं.

अक्का चुलीपाशी बसली. तांदळाची पिशवी नव्हती. दोन दाणे मातीत पडले होते, ते तिनं उचलले. "तांदूळ नेलेत," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. मला पहिल्या दिवशी विचारलेला प्रश्न तिनं पुन्हा विचारला, पण या वेळी तिला उत्तर हवं होतं. "शिजवणार कशात गं?"

हंडा आणि पराती भंडाऱ्याच्या आदल्या दिवशी गावातच सापडल्या. एका लग्नघरी नेलेल्या, परत करायच्या राहिलेल्या. हंड्यात हळदीचं बेणं भरून ठेवलं होतं. कुणाला लाज वाटल्याचं माझ्या कानावर आलं नाही. भंडारा चांगला झाला म्हणतात.

नंतरचं वर्ष अक्कानं शोधण्यात घालवलं. मंगळवार गेला, आता कुठलाही वार चालायचा. नायगावकडच्या वीटभट्ट्या, सीमेवरची मिरचीची रानं, उसाचे फड, जिनिंगच्या मागची पालं. 'तिकडची माणसं हायेत' असं कुणी म्हटलं, की ही निघाली. दुकान पुतण्या बघायचा. मला कुठल्या कुठल्या स्टँडवरून फोन यायचे. "कोया हायेत, पण आपली न्हाईत." "एक बाई तशीच दिसली पाठमोरी, पण न्हाई." एकदा नुसतीच म्हणाली, "बाळ झालं असंल गं आता. रांगत असंल," आणि फोन ठेवला. असंल की नसंल, हे आम्ही दोघीही बोललो नाही.

दुकानात तिनं नाव घालणं सोडलं. गिऱ्हाइकं कुरकुरायची. ती यंत्र पुढे सरकवून म्हणायची, "नाव पाहिजे? हे घ्या. तुमच्या हातानं घाला. उद्या माझं न्हाई म्हणू नका."

शेवटचं नाव तिनं एका नव्या कोऱ्या पातेल्यावर घातलं. जाड बुडाचं, झाकणाचं, दुकानातलं चांगल्यातलं. मला दाखवलं तेव्हा त्यावर एकच शब्द होता, 'हिडमे'. कुणाकडून ते नाही, कशानिमित्त ते नाही. "आता कोण म्हणतंय दुसऱ्याचं ते बघू," ती म्हणाली. त्यानंतर ते पातेलं पिशवीत घालून ती जाईल तिथे घेऊन जायची. पिशवीच्या ओझ्यानं खांदा एका बाजूला उतरला होता.

पुढच्या उन्हाळ्यात, सीमेकडच्या एका स्टँडच्या बाकावर बसल्या बसल्या ती गेली. ऊन लागलं होतं. पाण्याची बाटली रिकामी होती. मोबाइल कुणीतरी लांबवला, पातेलं मात्र राहू दिलं. दवाखान्यात नेणाऱ्या भल्या माणसांनी ओळख पटावी म्हणून पिशवी बघितली, पातेलं उलटंसुलटं केलं आणि त्यावरचं नाव वाचलं. पुतण्या आणि मी शोधत शोधत पोचलो, तोवर सबंध दिवस अक्का तिथे त्याच नावानं पडून होती. पायाच्या अंगठ्याला बांधलेल्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, हिडमे. खाली, गाव माहीत नाही.

चिठ्ठी सोडवताना पुतण्या रडत होता. "कुणाचं नाव लावलंय हे आमच्या अक्काला?" आयुष्यात पहिल्यांदा तिच्या अंगावर एक नाव आलं होतं, आणि ते तिनंच घातलेलं होतं.

पातेलं आता माझ्याकडे आहे. कुठे पालावर हिडमे नावाची बाई भेटली, कडेवर मूल असो वा नसो, तर तिला सांगा, तिचं पातेलं नांदेडला आहे आणि त्यावर तिचंच नाव आहे.

आणि आता उठा. फार लांब जावं लागणार नाही. तुमच्या गावाच्या कडेला, भट्टीवर, फडाजवळ, पुलाखाली कुठून तरी पळून आलेली माणसं असतीलच. माळ्यावरचं एक भांडं काढा, तुमचं नाव असलेलंच काढा, आणि देऊन या. पण तेवढ्यावर घरी जाऊ नका. परतताना गावाच्या पारावर थांबा आणि चारचौघांत मोठ्यानं सांगा, "त्या पालावर माझ्या नावाचं भांडं आहे. मी दिलंय. कुणाला काही विचारायचं असेल, तर आधी मला विचारा."

जीप आल्यावर नका सांगू. आज सांगा.